ताण्यातले दोनशे

बापूरावचे आंतर्देशीय पत्र मला बल्लारपूरला मिळाले ते १९८५ च्या मार्च महिन्यात. बापूराव हा माझ्या थोरल्या बहिणीचा, बायनाबाईचा, एकुलता एक मुलगा. आरमोरीपलीकडच्या आमच्या मूळ गावी प्राथमिक शाळेत शिक्षक; नीला ही त्याची मुलगी. त्याने लिहिले होते : "मामाजी, नीलाचे लग्न वैशाख पौर्णिमेला ठरले आहे. घरात एका लुगड्यावरून गुंता झाला आहे. आईला तो समजत नाही, नीलाला तो सोडवत नाही आणि मी दोघींच्या मध्ये आहे. आपण कापडाचे शिक्षण घेतलेले आहे. भिंग घेऊन यावे."

लग्नाच्या पत्रात भिंग कशासाठी, हे मला कळेना. नागपूरच्या तंत्रशाळेतून मी वस्त्रविद्येची पदविका घेतली ती चोपन्न साली. त्यानंतरची तीस वर्षे मात्र कागदाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत बांबूचा तंतू तपासण्यात गेली. कापडाची म्हणून जी हत्यारे माझ्याजवळ उरली होती ती एका चष्म्याच्या डबीत मावत : सूत मोजण्याचे घडीचे भिंग, दोन सुया, एक चिमटा. ती डबी खिशात घालून मी शनिवारी निघालो. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आरमोरी असे एसटी बदलत पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती.

बायनाबाई ओट्यावर मोहफुले निवडत बसली होती. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी; सदुसष्ट वर्षांची, पण पाठ सरळ.

"आला का गा भिंगवाला?" ती म्हणाली. "ये. तुह्या नातीले लुगड्यात भूत दिसून राह्यलं."

"भूत नाही आजी, जीव," आतून नीलाचा आवाज आला. ती गडचिरोलीला शाळेत शिकवत असे आणि शनिवारची घरी आली होती. "आबाजी, चहा घ्या आधी. मग भांडू."

चहा झाल्यावर बायनाबाईने हात धुतले, कोरड्या फडक्याने पुसले आणि लोखंडी पेटीतून एक गाठोडे काढले. वर जुन्या धोतराचे मऊ फडके, आत वेखंडाचे दोन तुकडे, आणि त्यांच्याखाली ते लुगडे. तिने ते चटईवर घडीघडीने उलगडले. सोळा हात लांब; अंग मधाच्या रंगाचे, दोन्ही कडांना लाल सुताचा करवती काठ. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दातांसारखी टोके एकमेकांत अडकवलेली असतात. त्यासाठी आडवे सूत नेणाऱ्या एका धोट्याऐवजी तीन धोटे चालवावे लागतात : दोन काठांचे आणि एक अंगाचा. मी भिंग न लावताच पाहिले. दात एकसारखे होते. डाव्या काठावर मात्र पहिल्या दोन हातांत ते थोडे लहानमोठे होते आणि पुढे सुधारत गेले होते.

"डावा धोटा मी देत होती," बायनाबाई म्हणाली. "हात बसाले वेळ लागला."

हे लुगडे माझे मेहुणे लटारू यांनी सेहेचाळीस साली विणले होते. आमच्या वस्तीत तेव्हा घरोघरी माग होते, पण त्यांवर जाडेभरडे सुती कापड निघे. कोसा, म्हणजे रानातले टसर रेशीम, विणणे हे कोष्ट्यांचे काम आणि कोसा नेसणे हे सोवळ्याचे. आमच्या हातचा कोसा कोणी देवघरात चालवून घेतला नसता आणि आमची बाई कोसा नेसून गावातून गेली असती तर ते गावाने खपवून घेतले नसते. तरीही लटारूंनी, कोणी न मागता, एक लुगडे विणले. मी त्या वेळी नागपूरला वसतिगृहात होतो. ते विणल्याचे मला दोन वर्षांनी कळले.

बायनाबाईने ते कधीच नेसले नाही. आधी गावाची भीती होती. छप्पन्नमध्ये चंद्रपूरला दीक्षा घेतली तेव्हा सगळ्या बायांनी पांढरे नेसले, म्हणून तिनेही पांढरे नेसले. पुढच्याच वर्षी लटारू गेले. त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की ती ते बाहेर काढी, घरातल्या सावलीत वाऱ्यावर दिवसभर पसरून ठेवी आणि मागच्या वर्षीच्या घडीवर घडी येणार नाही अशा बेताने पुन्हा मिटून ठेवी. कोसा एकाच घडीवर राहिला तर त्या रेषेवर तुटतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. एकोणचाळीस वर्षांत त्या कापडावर एकही पक्की रेषा पडलेली नव्हती.

आता तिचे म्हणणे एकच होते. नीलाने लग्नात ते नेसावे.

"आणि मी नाही म्हणाले नाही," नीला म्हणाली. "मी एवढंच विचारलं की कोशातला किडा कुठे गेला. कोसा उकळतात तेव्हा आतला किडा जिवंत असतो, हे मी पाचवीच्या पुस्तकातून मुलांना शिकवते. लग्नात मी सगळ्यांपुढे उभी राहून पहिलंच शील म्हणणार, जीवहत्येपासून दूर राहण्याचं. अंगावर उकळलेले जीव घेऊन म्हणू?"

"अवं, उकळलेच नाई त," बायनाबाई म्हणाली. "सतरांदा सांगतलं. भोकाचे कोसे होते. सोमारीच्या घरचे. बियाण्याले ठेवते ते. पाखरू भोक पाडून उडून जाते, मंग रिकामा कोसा आपला. कोष्टी तो घेत नाई. मी मांडीवर वळला धागा. हे पाह्य माहे मांडीचे वळ."

"सासरची माणसं काय म्हणतील, हे कोणीच विचारत नाही," बापूराव दारातून म्हणाला. "वधूने पांढरे नेसावे अशी रीत आहे. हा तर मधाळ रंग."

"तू गप राय," दोघी एकदम म्हणाल्या.

आता मला भिंगाचे प्रयोजन कळले. नीलाची अट सरळ होती. पाखरू जिवंत बाहेर पडल्यानंतरचा कोसा असेल, तर ती हे लुगडे आनंदाने नेसेल. तसा नसेल, तर नाही. मी जे सांगेन ते दोघींनी मान्य करायचे, असे ठरले. मला ते सोपे वाटले. इतका सोपा प्रश्न मला अनेक वर्षांत कोणी विचारला नव्हता.

रविवारी सकाळी चांगला उजेड झाल्यावर मी कामाला बसलो. तत्त्व असे : कोष उकळून सोडवला तर धागा अखंड निघतो. सात-आठ कोषांचे अखंड धागे एकत्र घेतले की एक गुळगुळीत सूत तयार होते. पाखराने भोक पाडलेल्या कोषाचा धागा मात्र तुटलेला असतो. त्याचा कापूस करून सूत कातावे लागते आणि त्यात गाठी व जाडबारीकपणा राहतो. परीक्षा साधी. सुताचा पीळ उलटा सोडायचा आणि दोन्ही बाजूंनी हळूच ओढायचे. कातलेले सूत मुकाट्याने सुटून येते. सोडवलेले सूत तुटेपर्यंत सुटत नाही.

लुगड्याच्या टोकाला दशा होत्या. मी प्रथम आडवे सूत, म्हणजे बाणा, बोटभर काढून पाहिला. पीळ सोडला, ओढला. तो वाफेसारखा विरला आणि त्याचे दोन तुकडे झाले. तीन ठिकाणचे तीन नमुने घेतले. तिन्ही सुटले.

"भोकाचा," मी म्हणालो.

बायनाबाईने नीलाकडे पाहिले. नीला हसली आणि आजीच्या खांद्यावर डोके टेकवले. "बरं बाई, हरले. कासोटा घालायला शिकव आता. मला गोल पातळाशिवाय काही येत नाही."

"सोळा हात गोल नेसशीन त भोपळा दिसशीन."

तिथे मी थांबायला हवे होते की नव्हते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण परीक्षा अर्धी सोडण्याची मला सवय नव्हती. दशांचे उभे सूत, म्हणजे ताणा, तपासायचे राहिले होते. मी एक सूत घेतले, पीळ सोडला, ओढले. ते सुटले नाही. आणखी ओढले. ते तुटले. भिंगाखाली धरले तर आत सात-आठ धागे, एकमेकांना समांतर, गुळगुळीत. दुसरे सूत घेतले. तेही तसेच. मधले, काठाजवळचे, टोकाचे, अशी मी एकूण अकरा सुते पाहिली. अकराही अखंड होती.

"काय झालं?" नीलाने विचारले.

मला काय झाले ते समजत नव्हते. एका लुगड्यात, एकाच हाताने, एकाच घरी विणलेल्या कापडात, आडवा धागा निर्दोष होता आणि उभा धागा नव्हता. बायनाबाई खोटे बोलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याइतकाच गोंधळ होता.

"भिंग जुनं झालं असंन," ती म्हणाली.

"भिंग जुनं होत नाही, बाई."

"मंग तू झाला असशीन."

बापूरावने सुचवले की सोमारी अजून आहे, तिलाच विचारावे. सोमारी ही खोब्रागडी नदीपलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, गोंड म्हातारी. तिच्या घरी तीन पिढ्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या अळ्या पाळत आल्या होत्या. मी आणि नीला दुपारनंतर निघालो. नदीत गुडघाभर पाणी होते. पलीकडे येनाची पाने गळून गेली होती; जुन्या झाडांच्या फांद्या छाटून बुटक्या केलेल्या, म्हणजे अळ्या हाताला याव्यात.

सोमारी अंगणात टोपली विणत होती. नीलाने जोहार केला. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारीने टोपली बाजूला ठेवली.

"बायनाचा भाऊ? तू त नागपूरले शिकाले गेला होता. शिकून झाला का?"

"झालो."

"मंग बस."

मी लुगड्याचा आणि भिंगाच्या परीक्षेचा विषय काढला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"तो कोसा! लटारूनं माहं डोस्कं खाल्लं होतं. भोकाचे देल्लो आम्ही, टोपलीभर. त्याच्या बदल्यात त्यानं मले जाडं लुगडं देल्लं, दहा वर्सं टिकलं. पन भोकाच्या धाग्याचा ताना होते का? मागावर ओढला का तटकन तुटते. एक जोडला का दुसरा तुटते. बायना रडत आली, इथीच बसली, या अंगनात. मंग माह्या नवऱ्यानं, पोचूनं, चांगले कोसे देल्ले. बंद. भोक नसलेले."

"जिवंत?" नीलाने विचारले.

"मंग मेलेले कोन देते?"

"आणि उकळले कोणी?"

"बायनानं. राखेचं पानी केलं, त्याच्यात उकडले. मोठी हांडी होती माही. दोन दिस उकडत होती ते. किडे कोंबड्यानं खाल्ले, मस्त लठ्ठ झाल्या कोंबड्या."

सोमारीने नीलाकडे नीट पाहिले.

"काऊन वं पोरी, काय झालं?"

मी थोडक्यात शीलाचे सांगितले. सोमारीने ऐकून घेतले, आणि मग तिने जे विचारले त्याने माझी उरलीसुरली घडी विस्कटली.

"भोकातून निघाला त्याचं पाप नाई म्हनता तुम्ही?"

"तो जिवंत उडून गेला ना," नीला म्हणाली.

"कुठी जाते? त्याले तोंडच नसते, बाई. खात नाई, पीत नाई. चार दिस फडफडते, अंडे घालते, मरते. आन् झाडावर अळी असते तवा? मुंग्या येते, गांधील येते, कावळा येते. पोचू गुलेल घेऊन दोन मयने झाडाखालीच राहे. दिसभर मारे. एक भोकाचा कोसा घराले याले किती जीव मेले, ते कोन मोजलं? हा बायनाचा भाऊ मोजते का त्या काचेनं?"

परत येताना नदीत मधोमध नीला थांबली.

"आबाजी, म्हणजे बाणासुद्धा निर्दोष नाही?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही तर शिकलात."

"आम्हाला सूत शिकवलं. ताकद, पीळ, जाडी. पाखरू अभ्यासक्रमात नव्हतं."

"आणि सुती नेसले तर? कपाशीवर फवारा मारतात तो कशासाठी?"

पाण्याला ओढ नव्हती, तरी आम्ही दोघे पाय चाचपून टाकत होतो.

घरी बायनाबाई वाट पाहत होती. मी तिला वेगळे बसवून सांगावे असे मला वाटत होते, पण नीलानेच सरळ विचारले, "आजी, ताण्याचे कोसे तू सोमारीच्या अंगणात उकळलेस का?"

बायनाबाईने तोंड उघडले ते बहुतेक नाही म्हणण्यासाठी. मग ते तसेच राहिले. तिची नजर चुलीतल्या राखेवर गेली.

"राख मीच चाळली होती," ती शेवटी म्हणाली. "मोहाची राख. हात पांढरे झालते." आणि थोड्या वेळाने, "भोकाचेच म्हनत आली मी. पोरालेबी तसंच सांगे, लोकाईलेबी. ते बोलून बोलून... दुसरं आठवतच नव्हतं."

"आजी, तेव्हा तू शील घेतलं नव्हतंस. दहा वर्षं आधीची गोष्ट आहे."

"किती असतीन गा?" तिने मला विचारले.

"काय?"

"जीव."

मी सांगायला नको होते. पण प्रश्न मोजण्याचा होता आणि मोजण्याच्या प्रश्नाला मी आयुष्यात नकार दिलेला नाही. मी कागद घेतला. काठ वगळता ताण्यात सुमारे पंधराशे सुते. मागावर वाया जाणारे धरून प्रत्येक सूत नऊ मीटर. एका सुतात आठ धागे. म्हणजे एक लाख आठ हजार मीटर धागा. एका कोषातून नीट निघणारा धागा सहाशे मीटर धरला, तर एकशे ऐंशी कोष. आणि थोडी तूट.

"दोनशेच्या आसपास," मी म्हणालो.

"दोनशे," ती म्हणाली.

त्यानंतर जे झाले त्याची मी कल्पना केली नव्हती. नीला उठली, लुगडे उचलले आणि छातीशी धरले. "आजी, मी नेसते. माझं चुकलं. तू ताण्याला रडलीस, डावा धोटा दिलास, एवढी वर्षं घड्या बदलल्यास. मी नेसते."

"नाई," बायनाबाई म्हणाली.

"का नाही? मीच म्हणतेय ना आता?"

"आन इकडं ते." तिने लुगडे काढून घेतले. "दोनशे जीव तुह्या अंगावर कायले? तू का केली?"

"मग भिंग कशाला बोलावलं मी!" बापूराव कपाळाला हात लावून म्हणाला. "जी नेसत नव्हती ती नेसते म्हणते, जी नेसवत होती ती देत नाही. मामाजी, तुम्ही नेमकं काय सिद्ध केलं?"



सोमवारी परत जाताना मी चंद्रपूरला उतरलो. तिथल्या विहारात एक वृद्ध भन्ते होते. मी त्यांच्यासमोर सगळे क्रमाने मांडले : ताणा, बाणा, सोमारी, कावळे, दोनशे. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मला स्पष्ट निर्णय हवा होता. ते म्हणाले, "विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, चीवरासाठी सहा प्रकारचं कापड चालतं. त्यात कोशेय आहे."

"म्हणजे चालतं?"

"त्याच विनयात, कोशेय मिसळलेलं अंथरूण भिक्खूने करवून घेऊ नये, असाही नियम आहे. आपल्यासाठी जीव मारले जातात म्हणून."

"मग भन्तेजी, अंगावर चालतं आणि अंगाखाली चालत नाही?"

"आलेलं घेणं वेगळं, करवून घेणं वेगळं."

"माझ्या बहिणीचं आलेलं नाही. केलेलं आहे. पण शीलाच्या आधी. आणि नातीला ते आलेलं आहे."

भन्तेंनी डोळे उघडले. "तुम्ही अभियंता आहात काय?" त्यांनी विचारले.

"नाही. पदविका."

"हेतू पाहा," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

कोणाचा हेतू पाहायचा? एकोणचाळीस वर्षांपूर्वी हांडीजवळ बसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईचा, की आज ते कापड धरून ठेवणाऱ्या म्हातारीचा? लटारूंचा हेतू काय होता? आपल्याला नाकारलेले एकदा आपल्या हाताने करून पाहावे, इतकाच ना? मी भन्तेंचे बोलणे जसेच्या तसे बापूरावला लिहिले. त्याचे उत्तर आले : "पत्र दोघींना वाचून दाखवले. नीला म्हणते, भन्तेंनी होकार दिला. आई म्हणते, नकार दिला. आपण लग्नाला लवकर यावे. भिंग आणू नये."

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पोहोचलो. बापूरावने नीलासाठी चंद्रपूरहून पांढरे सुती पातळ आणले होते. ते खाटेवर पडलेले होते आणि त्याविषयी कोणी बोलत नव्हते. लुगड्याविषयीही नाही.

लग्नाच्या सकाळी आठ वाजता आतल्या खोलीचे दार बंद झाले. बायनाबाईबरोबर शेजारची रुखमा होती. मी बाहेर खांबाला टेकून उभा होतो. मांडवात खुर्च्या मांडल्या जात होत्या. आतून आवाज येत होते.

"अवं बाई, उलटं घेतलं तुम्ही. गाठ अगुदर मारा, मंग निऱ्या."

"पन्नास वर्सं झाले वं मले लुगडं नेसू नेसू. तू शिकवते?"

"मंग काऊन घसरून राह्यलं?"

"कोसा हाये. नवा हाये. त्याले मानूस माहीत नाई अजून."

दार उघडले. बायनाबाई बाहेर आली. तिने ते लुगडे नेसले होते.

जुन्या पद्धतीने, कासोटा घालून, निऱ्या पोटाशी खोचून, पदर दोन्ही खांद्यांवरून. लाल काठाचे दात तिच्या पोटरीभोवती फिरले होते. कोसा कधी न नेसलेला असल्याने अंगाला धरत नव्हता. तो तिच्यापासून थोडा दूर, फुगून उभा होता आणि ती चालताना कोरड्या पानांसारखा वाजत होता. मांडवात खुर्ची उचललेला माणूस खुर्ची तशीच धरून राहिला.

नीला पांढऱ्या पातळात दारात आली आणि आजीला पाहून थांबली. "आजी!"

"काय झालं?" बायनाबाई म्हणाली. "जे उकडलं ते मी उकडलं. नेसाचं असंन त मीच नेसीन. तू तुहं पांढरं नेस."

बापूरावने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची, हे त्याला कळले नसावे. मलाही कळले नव्हते. ती हे शिक्षा म्हणून नेसली होती काय? की एकोणचाळीस वर्षे वाट पाहून एकदाचे नेसायला मिळाले म्हणून? की नातीच्या वाटचे काही आपल्याकडे घ्यावे म्हणून? यांपैकी एक खरे असले तर उरलेली दोन खोटी ठरतात काय, हेही मला सांगता येत नव्हते.

वंदना झाली. भन्ते पहिले शील म्हणू लागले आणि मांडव त्यांच्यामागून. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि." मी मुद्दाम बायनाबाईच्या मागच्या बाजूला उभा होतो, तिचा आवाज ऐकू यावा म्हणून. पण शेदोनशे माणसे एका आवाजात म्हणत होती. तिचे ओठ मला दिसत नव्हते. फक्त मान दिसत होती, आणि ती ताठ होती.

पंगती बसल्या. बायनाबाई वरणाची बादली घेऊन वाढायला उतरली. पदर कमरेला खोचलेला, पाय ओळीतून जपून टाकत. बाया तिचा हात धरून थांबवत होत्या, काठ बोटांत घेऊन पाहत होत्या. वराकडच्या एका पोक्त बाईने पदराला हात लावून विचारले, "कोसा हाये का वं, बाई?"

"हो. कोसाच."

"कोन विनलं?"

"हिचे सक्के आबाजी," तिने नीलाकडे बोट केले. "दोनशे जीव हाये याच्यात. वरन घ्या."

ती बाई गोंधळली, हसली आणि पान पुढे केले. पुढच्या पानावर कोणीतरी तेच विचारले आणि बायनाबाईने तेच सांगितले. त्याच आवाजात, वरण ओततानाच. त्या आवाजात लाज नव्हती. अभिमानही नव्हता, किंवा असला तर मला ओळखता आला नाही.

ओळ संपत आली तेव्हा मी तिच्याकडे जायला निघालो. माझा आकडा अंदाजाचा होता. एका कोषातून सहाशे मीटर, हे मी धरले होते, मोजले नव्हते. पाचशे धरले तर कोष वाढतात, आठशे धरले तर कमी होतात. दीडशेही असतील, अडीचशेही. हे तिला सांगणे माझे कर्तव्य होते. मी चार पावले गेलो. ती शेवटच्या पानापाशी वाकली होती आणि एका म्हाताऱ्याला सांगत होती, "हो, भाऊ, दोनशे."

मी जागीच थांबलो. बादली रिकामी झाली होती. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "असा काऊन उभा हायेस? जा, वरन आन."

मी बादली घेऊन चुलीकडे गेलो.